नाणं पाडतं सरकार, तोंडावर पडतो आपण

काय दिवस आलेत बघा! ज्या जिल्ह्यात दहाचं नाणं पुढे केलं की भाजीवाली मावशी हात झटकते, "ते नको भाऊ, आमच्याकडं चालत नाही," त्याच जिल्ह्यातली शहाणीसुरती माणसं तीनशे रुपयांच्या एका नाण्यासाठी हजारांत पैसे मोजायला निघाली आहेत. बरं, नाणं समोर आहे का? नाही. कधी येणार, ठाऊक आहे का? ते ब्रह्मदेवालाही नाही. रिझर्व्ह बँक बिचारी २०१८ च्या जानेवारीत कंठशोष करून सांगत होती, की दहाच्या नाण्याचे चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत, घ्या. घेतले आपण? छे! जे सुट्ट्यात हातात पडतं त्याला नाकं मुरडायची आणि जे मिळत नाही त्याच्यासाठी जीव पाखडायचा, ही आपली तऱ्हा.

तर झालं असं, की ३१ मे २०२५ ला अहिल्याबाई होळकरांची तीनशेवी जयंती आली. जन्म १७२५ चा, गाव चौंडी, तालुका जामखेड. म्हणजे लेक आपली. जिल्ह्याचं नावसुद्धा २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जयंतीच्या आधी ६ मे रोजी अख्खं राज्य मंत्रिमंडळ चौंडीत येऊन बैठक घेऊन गेलं, तेव्हा लाल दिव्यांच्या आठवणीनं जामखेडच्या रस्त्यांना भरून आलं असेल. आणि मग तीनशे रुपयांचं स्मारक नाणं निघालं. पंतप्रधानांच्या हस्ते. कुठे? भोपाळला! माहेर इकडे ताटकळत बसलं आणि नाण्याचं बारसं झालं सासरी. आता सासरच्यांनी लेकीचं कौतुक केलं तर माहेरच्यांनी तोंड वाकडं करू नये, हे आपल्याला कळतं. पण निदान एखादं नाणं तरी माहेरी धाडायचं की नाही?

झालं! तिथून जे वारं शिरलं ते शिरलंच. कालपर्यंत ज्यांना नाण्याचा छापा कुठला आणि काटा कुठला हे सांगता येत नव्हतं, ते नगरच्या चितळे रोडवर उभे राहून 'प्रूफ घ्यावं की यूएनसी' यावर घसा ताणू लागले. ज्यांना हे कळत नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगायचं, तर प्रूफ म्हणजे आरशागत चकाकणाऱ्या पृष्ठभागाचं, खास साच्यातून निगुतीनं पाडलेलं. यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं, कोरं. दोन्ही डबीत बसतात, दोन्ही खिशातून जातात. राजपत्रात अशा नाण्याची अधिसूचना आली की ही मंडळी ती ज्या भक्तिभावानं वाचतात, त्या भावानं त्यांनी स्वतःच्या शेताचा सात-बारा तरी वाचला आहे का? व्यास ४४ मिलिमीटर. काठाला २०० दाते. दाते! आमच्या माहितीतल्या एका निवृत्त बँक कॅशियरनं भिंगाखाली ते दाते मोजायला घेतले. आयुष्यभर लोकांच्या नोटा मोजून पोट भरलं नाही. एकशे सत्तरच्या आसपास बायकोनं चहाला हाक मारली आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी संशयाचा फायदा सरकारला देण्यात आला.

पूर्वी हा नाद असा चव्हाट्यावर नव्हता हो. स्मारक नाणी १९६४ पासून निघतात, पहिलं नेहरूंचं. तेव्हापासून गावागावात एखाददुसरा वल्ली असायचा. मुंबईच्या टाकसाळीला डिमांड ड्राफ्ट पाठवायचा, रजिस्टर पोस्टाच्या पोचपावत्या जपून ठेवायचा आणि पोस्टमनशी सोयरीक असल्याप्रमाणे वागायचा. निरुपद्रवी जमात. शिवाय बरीच नाणी फुकटातच भेटायची. १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचा एक रुपया निघाला, तेव्हा आमच्या नेवाशाच्या माणसाची छाती कशी फुगली होती! का नाही फुगणार? ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब नेवाशात, आणि माउली थेट रुपयावर. तो रुपया बस कंडक्टरच्या सुट्ट्यात यायचा. त्याच वर्षीचं शिवरायांचं दोन रुपयांचंही तसंच. खिशात हात घातला की इतिहास. कोणी ओटीपी मागत नव्हतं.

मग कोणाच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, नाण्यांना वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांचा रोग जडला. जितकी वर्षं तितके रुपये! बाबासाहेबांची १२५ वी जयंती, नाणं १२५ चं. गुरू गोविंदसिंगांचं ३५०, गुरू नानकांचं ५५०, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० मध्ये चक्क हजार रुपयांचं. गंमत म्हणजे कायद्यानुसार एका वेळी नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतच देणं भागवता येतं. म्हणजे हे एकच नाणं टेबलावर ठेवलं की तुमचा नाण्यांचा कोटा खल्लास! अर्थात ते टेबलावर ठेवणार कोण? चलनात ते येतच नाही. नाणं आहे, पण खर्चायचं नाही. किंमत लिहिली आहे, पण त्या किमतीला मिळत नाही. हे कुठल्या अर्थशास्त्रात बसतं, ते प्रवरेच्या काठी सहकार उभा करणाऱ्यांनाही सुचलं नसतं.

सराफाला विचारून बघा. तो गालातल्या गालात हसतो आणि कॅल्क्युलेटर ओढतो. २०२३ च्या नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं घ्या. वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी निम्मी. बाकी चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. तेव्हाच्या भावानं ती होत होती बाराशे-तेराशेच्या घरात. नाणं मिळत होतं त्याहून कितीतरी जास्त पैशाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! "दादा, त्यापेक्षा वळं घ्या," असं तो समजुतीच्या सुरात सांगतो, आणि आपण मान डोलावतो. आपण दुकानाबाहेर पडलो की तो हळूच गल्ल्याखालचा कप्पा उघडून स्वतःचं संसदेचं नाणं कापडानं पुसतो. आपल्याला काय माहीत नाही होय?

पण खरा तमाशा नव्या नाण्याच्या ऑनलाइन बुकिंगचा. बुकिंग सुरू होणार हे कळतं कसं, इथूनच चमत्काराला सुरुवात. दवंडी नाही, बातमी नाही. रात्री साडेअकराला नाणेवेड्यांच्या ग्रुपवर एकच शब्द पडतो: "उद्या." कोणी टाकला? त्याला कोणी सांगितलं? असले प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. मग जिल्हाभर दिवे लागतात. कोपरगावचा संगमनेरकराला फोन करतो, संगमनेरकर खोटंच सांगतो की आपल्याला यंदा काही घ्यायचं नाही, आणि श्रीरामपूरचा सरळ मुंबईतल्या भाच्याला कामाला लावतो. तिथे नेट म्हणे जोरात पळतं.

सकाळी सावेडीतल्या एका बंगल्यातलं दृश्य असं. आजोबा मास्तर होते, चाळीस वर्षं पोरांना 'अंथरूण पाहून पाय पसरा' शिकवलेलं. त्यांच्या हातात मोबाइल. सूनबाई टॅबवर. नातू लॅपटॉपवर, त्याची शाळा आजोबांनीच बुडवलेली. आजी देवापाशी, पण कान इकडे. ठोक्याला सरकारी पान उघडतं. म्हणजे उघडतं असं वाटतं. मधोमध एक चक्र फिरत राहतं. मग नाण्याचा फोटो दिसतो आणि तिघं एकदम ओरडतात, "हात लावू नका!" बटण दाबलं, तर ते पुन्हा लॉगिन मागतं. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह. आजोबांनी तो पंचांगाच्या मागे लिहिलेला, आणि पंचांग आजीच्या मांडीवर. मग वेड्यावाकड्या अक्षरांची परीक्षा: हा शून्य की ओ? मास्तरांना वाटतं शून्य, सरकारला वाटतं ओ. ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. अखेर खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज टुणकन येतो आणि घरात टाळ्या पडतात. पडद्यावर तोवर लाल अक्षरांत उगवलेलं: व्यवहार अयशस्वी. पैसे परत येतील म्हणे, यथावकाश. पुन्हा प्रयत्न केला तर साठा संपला! आणि मग मास्तरांच्या मुखातून जे बाहेर पडलं, ते ऐकून नातवाला आपण शाळेत गेलो नाही याचं सार्थक वाटलं.

आता आपण म्हणू, हे आपल्याकडेच. मुळीच नाही! अमेरिकेच्या टाकसाळीनं ५ नोव्हेंबर २०२० ला दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीची पंचाहत्तरी म्हणून सोन्याचं खास नाणं विक्रीला ठेवलं. नग किती? १,९४५. वर्षाचा आकडा तेवढेच नग, तिथेही मेणबत्त्यांचा रोग. अवघ्या देशानं एकदम धडक मारली, त्यांचं संकेतस्थळ आडवं झालं आणि नाणी मिनिटांत गायब. तेव्हा ज्यांच्या यंत्रांनी चंद्रावर माणूस पोचवला, त्यांनाही ग्राहकापर्यंत नाणं पोचवताना फेफरं येतं. हे कळल्यावर आमच्या कॅशियरसाहेबांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी त्या दिवशी दोन चहा सांगितले.

तरी तिकडे किती नाणी पाडली ते जाहीर तरी असतं. इथे तो आकडा म्हणजे गुप्तधन. पन्नास पाडली की पन्नास हजार? अंदाज बांधण्यात पारनेर ते पाथर्डी एकमत नाही. आणि एकदा का ऑर्डर खरोखर लागली, की खरी तपश्चर्या सुरू. एक महिना. दोन महिने. मूल नऊ महिन्यांत येतं, त्याची तारीख डॉक्टर सांगतात. नाण्याची कोण सांगणार? फोन केला तर वाजतो. ईमेल केली तर 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं यंत्राचं उत्तर. तेवढ्यात पुण्याच्या प्रदर्शनातून कोणीतरी फोटो टाकतं: डीलरच्या टेबलावर तेच नाणं, थप्पीनं! अहो, थप्पीनं! रांगेतल्यांच्या आधी रांगेबाहेरच्यांना प्रसाद कसा मिळाला? हा प्रश्न प्रत्येक नाण्यामागे विचारला जातो, मूठभर लोक संतापानं पेटतात, बहिष्काराची भाषा होते. आणि त्याच संध्याकाळी पेटलेल्यांपैकी निम्मे त्याच डीलरला गुपचूप विचारतात, "माझ्यासाठी एक बाजूला ठेवता का?"

पाकीट येतं त्या दिवशी घरात सणाचं वातावरण. पोस्टमनला खाली उभं करून सगळ्या बाजूंनी फोटो. हातमोजे घातले जातात; ज्या माणसानं लग्नात वरमाला उघड्या हातांनी घातली, तो नाण्याला मात्र मोज्याशिवाय शिवत नाही. डबी उघडते, मखमल दिसते, नाणं दिसतं, क्षणभर सगळे गप्प. आणि मग कोणीतरी भिंग लावतं. झालं ना! कडेला पांढुरका डाग. कॅप्सूलच्या आत कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, आणि कॅप्सूल तर सीलबंद. म्हणजे हा अंगठा कुणाचा? टाकसाळीतल्या माणसाचा? एवढ्या दूरच्या कुणा अनोळखी कारागिराचा अंगठा पैसे भरून आपण घरात आणावा, याला काय म्हणावं? परत पाठवावं तर गेलेलं पुन्हा येईल याची हमी नाही. मग नवा पंथ निघतो: "डाग असलेलंच दुर्मीळ. पुढे भाव येईल." कशी समजूत आहे बघा!

एकीकडे ही टंचाई आणि दुसरीकडे, त्याच जिल्ह्यात, शिर्डी. २०२३ मध्ये तिथल्या बँकांनी हात टेकले होते, की साईबाबा संस्थानच्या दानपेटीतली सुट्टी नाणी ठेवायला जागाच उरली नाही. खोल्या भरल्या! एकाच जिल्ह्यात नाणी घेणारा मिळत नाही म्हणून बँक रडते आणि नाणं देणारा मिळत नाही म्हणून संग्राहक. आणि शिर्डीतलीच ती नऊ नाणी आठवा, बाबांनी १९१८ साली देह ठेवण्याआधी लक्ष्मीबाई शिंद्यांना दिलेली. पान नाही, पासवर्ड नाही, हातात ठेवली की झालं. वितरणव्यवस्था म्हणतात ती ही!

अहिल्याबाईंचंच घ्या ना. त्यांच्या काळात महेश्वरच्या टाकसाळीतून चांदीचा रुपया पडायचा. नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं, आणि खूण शंकराच्या पिंडीची न् बेलपानाची. राजकारण आणि भक्ती दोन्ही एका रुपयात बसवली बाईंनी. तो रुपया आजही जुन्या नाण्यांच्या बाजारात हाताला लागतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईंचा रुपया मिळतो, आणि २०२५ च्या मे महिन्यात निघालेल्या त्यांच्या नाण्यासाठी आपण चक्राकडे बघत बसतो. खुद्द आपलं नगर टाकसाळीचं गाव होतं हो! निजामशाहीचं तांबं काय, मोगलांचा चांदीचा रुपया काय. इथल्या टाकसाळीचं नाव कोरलेली नाणी संग्राहकांच्या अल्बमात आहेत. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण अल्बमातली लेबलं बदलायची की नाही यावर अजून दोन तट आहेत आणि ते एकमेकांचा चहा पीत नाहीत. (शेतात नांगराला जुन्या नाण्यांचं गाडगं लागलंच, तर हुरळून जाऊ नका. १८७८ चा कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! आणि दहाचं नाणं तर मावशी घेतही नाही.)

या साथीचे सगळ्यात भयंकर रुग्ण मात्र वेगळेच. त्यांना नाण्याचं प्रेम नाही, इतिहासाशी देणंघेणं नाही. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलाय. "तुमच्याकडे हे पाच रुपयांचं नाणं आहे? तुम्ही लखपती झालात!" २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं दाखवतात, ट्रॅक्टरची पाचाची नोट दाखवतात. मग डबे उपसले जातात, सत्यनारायणाच्या ताम्हनातली नाणी तपासली जातात, बाळाच्या करगोट्यातलं भोकाचं नाणंही सोडत नाहीत. लाख द्यायला कोणी येत नाही; उलट 'आधी नोंदणी फी भरा' म्हणणारा येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की आमच्या नावानं जुन्या नाण्यांचा सौदा करणाऱ्यांच्या नादी लागू नका, आम्ही असली फी घेत नाही. ऐकलं कोणी? दहाच्या नाण्याचं ऐकलं नाही ते हे ऐकणार?

आणि टाकसाळीच्या खुणांचं खूळ तर विचारू नका. वर्षाच्या आकड्याखाली हिरा असला की मुंबई, तारा असला की हैदराबाद, टिंब असलं की नोएडा, काहीच नसलं की कोलकाता. एवढीशी माहिती, पण ती ज्याला कळली तो कामातून गेला म्हणून समजा. माळीवाड्याच्या स्टँडवर माणसं चहाचे पैसे देताना नाणं डोळ्यापाशी नेतात, उजेडाकडे धरतात, पुटपुटतात, आणि खिशात परत टाकून चहावाल्याला नोट देतात. चहावाला आधी वैतागला. मग त्यानं चौकशी केली. आता त्याच्या गल्ल्यात चार वेगळे डबे आहेत आणि नोएडाचं नाणं मागितलं तर तो म्हणतो, "कोलकाता द्या, मग देतो."

आपण आपले लांबून मजा बघतोय, हे बरंय. आपल्याला काय करायचंय असल्या नादाशी? ज्याची हौस त्यानं भागवावी. फक्त एक विचारायचं होतं, सहजच. ते तीनशेचं... तुमचं लागलं का बुकिंग? नाही, मला नकोय. आमच्या मेव्हण्यासाठी विचारतोय. एखादं जादा आलं असेल, यूएनसी चालेल, डाग असला तरी चालेल, अंगठ्याचा ठसा असेल तर उत्तमच. पैसे रोख. आणि ग्रुपवर काही बोलू नका.